देणाऱ्यानेही झोळी पुढे करावी

‘मित्रासाठी हात आखडता घ्यायचा नाही’ हे तत्त्व आपल्यापैकी अनेकांना प्रिय असते. कॉलेजच्या दिवसांत तर ते विशेष शोभते. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद होतो तो देण्यासाठी, टाळण्यासाठी नव्हे. हे तत्त्व उत्तमच आहे. परंतु ते अर्धे आहे, असे मला वाटते. त्याचे उरलेले अर्धे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याच अफझलपूर तालुक्यातील गाणगापुरात ते रोज दुपारी पाहावयास मिळते.

भीमा-अमरजेच्या संगमाजवळ श्रीनृसिंहसरस्वतींचे दीर्घकाळ वास्तव्य होते. ते आजही दुपारी कोणत्या तरी रूपाने गावात भिक्षेला येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून येथे येणारा यात्रेकरू निदान पाच घरी मधुकरी मागतो. घरी ज्याच्या हाताखाली दहा माणसे राबतात तो व्यापारीही झोळी पुढे करतो आणि ज्याला खरोखरच भाकरीची गरज आहे तोही त्याच रांगेत उभा असतो. एवढेच नव्हे, तर मागणारे यात्रेकरू स्वतःही इतरांना वाढतात. आत्ता वाढणारा हात घटकाभराने पसरलेला दिसतो. गोरगरीब कोण आणि दाता कोण, हे त्या वेळी सांगता येऊ नये, अशीच जणू ती व्यवस्था आहे. श्रद्धा असो वा नसो, त्यातील शहाणपण कोणालाही पटावे.

मैत्रीत नेमके हेच विसरले जाते. आपल्यातील एखादा मित्र सतत देत राहतो. हॉटेलचे बिल तोच देतो, गाडीभाडे तोच भरतो, मात्र स्वतःला काही लागले तर चुकूनही तोंड उघडत नाही. लोक त्याला दिलदार म्हणतात. पण घेणाऱ्याच्या मनाचा विचार कोणी करतो काय? कोरडवाहू रानातल्या तुरीवर ज्याच्या घरची सगळी भिस्त आहे, तो मुलगा तीनदा चहा घेतो आणि चौथ्यांदा ‘मला आज चहा नको’ म्हणून ग्रंथालयात जाऊन बसतो. त्याला चहा नको असतो असे नाही. त्याला ओझे नको असते. आपण समजतो, तो तुटक झाला. वास्तविक आपणच त्याला परतफेडीची वाट ठेवलेली नसते.

महाभारतातील दुर्योधनाने कर्णाला भर सभेत अंगदेशाचे राज्य दिले आणि मोबदल्यात केवळ मैत्री मागितली. वरकरणी यापेक्षा मोठे औदार्य कोणते? पण ते दान कर्णाच्या खांद्यावरून जन्मभर उतरले नाही. आपण कुंतीचे पुत्र आहोत हे कळल्यावरही त्याला पाऊल मागे घेता आले नाही. याउलट सुदाम्याची गोष्ट पाहा. द्वारकेच्या राजाने मित्राला काही देण्यापूर्वी त्याच्या फाटक्या वस्त्रातले पोहे ओढून घेतले आणि आवडीने खाल्ले. आधी घेतले, मग दिले. सुदाम्याची मान ताठ राहिली ती त्या मूठभर पोह्यांमुळे.

आधुनिक काळातील उदाहरण कार्ल मार्क्स आणि फ्रीडरिख एंगल्स यांचे आहे. त्यांचे विचार कोणाला पटोत वा न पटोत, पण मैत्रीसाठी इतकी पदरमोड क्वचितच कोणी केली असेल. एंगल्सला व्यापार मनापासून नकोसा होता. तरीही १८५० पासून सुमारे वीस वर्षे तो मँचेस्टरच्या सूतगिरणीच्या कचेरीत राबला आणि लंडनमध्ये हलाखीत राहणाऱ्या मार्क्सच्या कुटुंबाला पैसे पाठवीत राहिला. जानेवारी १८६३ मध्ये एंगल्सची जीवनसंगिनी मेरी बर्न्स मरण पावली. त्यावर मार्क्सने सांत्वनाचे जेमतेम शब्द लिहिले आणि लगेच स्वतःच्या पैशाच्या अडचणींचा पाढा वाचला. ज्याने इतकी वर्षे काही मागितले नव्हते, तो एंगल्स या वेळी दुखावला आणि तसे त्याने स्पष्ट कळविले. मार्क्सने क्षमा मागितली. मैत्री तुटली नाही. मला या प्रसंगाचे महत्त्व वाटते ते असे की, एंगल्सने त्या दिवशी झोळी पुढे केली. त्याला पैसे नको होते, दुःखात दोन शब्द हवे होते. त्याने ते मागितले म्हणूनच पुढचे वीस वर्षांचे सख्य टिकले. १८८३ मध्ये मार्क्स गेल्यावर ‘कॅपिटल’चे दुसरे व तिसरे खंड १८८५ आणि १८९४ मध्ये एंगल्सनेच सिद्ध करून प्रसिद्ध केले.

यावर कोणी म्हणेल, ‘असे मोकळेपणाने देत-घेत गेलो तर फुकटे मित्र गोळा होतील.’ होतील, एखाददुसरा होईलही. परंतु फुकट्याची ओळख पटवण्याचाही हाच उपाय आहे. त्याच्याकडे काही मागून पाहावे. खरा मित्र मागितल्यावर खुलतो, फुकटा मागितल्यावर गल्ली बदलतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्याच्या खिशातले पैसे त्याचे नसतात, वडिलांचे असतात. दुसऱ्याच्या घामावर दिलदारपणा मिरवणे काही खरे नव्हे. हे मला मान्य आहे. म्हणून द्यायचे ते आपले असेल ते द्यावे: डब्यातली अर्धी भाकरी, नीट उतरवलेल्या नोट्स, आजारपणातली रात्रीची सोबत. ज्याला मराठी येते त्याने कानडी मित्राकडून कानडी मागावी आणि त्याला मराठी द्यावी. आपल्या सीमाभागात तर या देवाणघेवाणीला एक पैसा लागत नाही. आणि परीक्षा फीसारखी मोठी नड आलीच, तर मधुकरी हा शब्द आठवावा. मधुकर म्हणजे भुंगा. तो एकाच फुलाला रिते करीत नाही, अनेक फुलांतून थोडे थोडे घेतो. एकावर सगळा भार टाकण्यापेक्षा पाच मित्रांनी थोडा थोडा उचलावा. कोणी उपकारकर्ता ठरत नाही, कोणी मिंधा होत नाही.

शेजारच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी ‘दासोह’ हा शब्द रूढ केला. देणाऱ्याने दासाच्या नम्रतेने द्यावे, हा त्याचा भाव. मैत्रीत ही नम्रता अंगी आणण्याचा मार्ग मला एकच दिसतो, तो म्हणजे मागायला शिकणे. तेव्हा मित्रहो, मित्राला देताना हात आखडू नका हे तर खरेच. पण गेल्या वर्षभरात आपण मित्राकडे काय मागितले, याचाही हिशेब करा. उत्तर ‘काहीच नाही’ असे येत असेल, तर अभिमान बाळगू नका. उद्याच जाऊन काही तरी मागा.