खुर्ची गेल्यानंतरचा कायदा

माजी मुख्यमंत्र्यावर भ्रष्टाचाराचा खटला भरायला कोणाची परवानगी लागते, फिर्याद कोणी करायची आणि खटला कोणत्या न्यायालयाने चालवायचा, या प्रश्नांवर भारतात जे कायदेशीर वाद झाले, त्यांतले सर्वांत महत्त्वाचे निकाल बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्या नावाने ओळखले जातात. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते. रायगडातल्या जुन्या मंडळींना ते वेगळ्या कारणांनी आठवते: कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर, सिंधुदुर्ग आणि जालना जिल्ह्यांची निर्मिती, संजय गांधी निराधार अनुदान योजना. जेमतेम दीड वर्षाच्या कारकिर्दीत इतके निर्णय घेणारा मुख्यमंत्री विरळाच. त्याच दीड वर्षात सिमेंटचे प्रकरणही घडले.

9 जून 1980 रोजी अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा सिमेंट नियंत्रित माल होता. उत्पादन अपुरे, मागणी अफाट, सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत मोठी तफावत. मुंबईत इमारत बांधायची तर परमिट हवे आणि परमिट मंत्रालयातून मिळणार. अशा काळात परमिटावरची सही हीच रोकड असते. त्याच वर्षी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ स्थापन झाले. साहित्य आणि ललित कला यांना उत्तेजन देणे हा त्याचा जाहीर हेतू होता. लेखक-कलावंतांसाठी सरकारने काही करावे ही मराठी साहित्यविश्वाची जुनीच मागणी, त्यामुळे हेतूला नावे ठेवण्याचे कारण नव्हते. प्रश्न देणगीदारांचा होता. प्रतिभेची एवढी कदर बांधकाम व्यावसायिकांना एकाएकी कशी वाटू लागली, याचे उत्तर साहित्यात सापडण्यासारखे नव्हते.

31 ऑगस्ट 1981 रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. अंतुल्यांशी संबंधित विश्वस्त निधींना दिलेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांची सांगड त्यात घातलेली होती. संसदेत गदारोळ झाला आणि प्रतिष्ठानाच्या नावातून इंदिरा गांधी वगळल्या गेल्या. पी. बी. सामंत आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्या. बख्तावर लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 रोजी निकाल देताना देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि 20 जानेवारीला ते पदावरून दूर झाले. लेखापासून राजीनाम्यापर्यंत पाच महिनेही लागले नाहीत. राजकीय उत्तरदायित्व म्हणतात ते इतक्या झटपट क्वचितच वसूल होते. (योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले.)

लेंटिन यांचा निकाल रिट याचिकेवरचा होता. तो सरकारी निर्णयाच्या वैधतेबद्दल बोलत होता, मुख्यमंत्र्याला गुन्हेगार ठरवत नव्हता. त्यासाठी फौजदारी खटला लागतो, आणि तो भरण्याची खटपट भारतीय जनता पक्षाचे मुंबईतले नेते रामदास नायक सप्टेंबर 1981 पासून करत होते. त्यांची पहिली फिर्याद मंजुरीअभावी अडली. 1947च्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 6 नुसार लोकसेवकावर खटला भरण्याआधी त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागे. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत तो अधिकारी म्हणजे राज्यपाल. पण राज्यपाल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मग मुख्यमंत्र्याविरुद्धच्या मंजुरीबाबत सल्ला त्याच्याच मंत्रिमंडळाने द्यायचा काय? राज्यपालांनी हा निर्णय स्वतःच्या विवेकाने घ्यायचा, असे ठरले आणि राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांनी जुलै 1982 मध्ये मंजुरी दिली. नायकांनी ऑगस्टमध्ये विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद गुदरली.

बचाव पक्षाने मग दोन आघाड्या उघडल्या. एक, भ्रष्टाचाराचा खटला पोलीस तपासाशिवाय, एका खासगी माणसाच्या फिर्यादीवर चालूच शकत नाही. दोन, मुख्यमंत्रिपद गेले तरी अंतुले आमदार आहेत, आमदार हाही लोकसेवक, म्हणून त्याही पदासाठी वेगळी मंजुरी हवी. विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांना दुसरा मुद्दा पटला आणि जुलै 1983 मध्ये अंतुले सुटले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 16 फेब्रुवारी 1984 रोजी दोन्ही मुद्दे फेटाळले. गुन्ह्याची फिर्याद कोणीही नागरिक करू शकतो. आमदार हा भारतीय दंड विधानाच्या अर्थाने लोकसेवक नाही. आणि ज्या पदाचा गैरवापर झाला ते पदच आरोपीकडे उरले नसेल, तर मंजुरीची गरज नाही. खुर्ची गेली की खुर्चीचे कवचही गेले.

एवढ्यावर न्यायालय थांबले असते तर बरे झाले असते. पण अडीच वर्षे वाया गेली म्हणून खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपुढे चालवावा, असाही आदेश दिला गेला. हेतू वेगाचा होता. प्रत्यक्षात काही आरोप वगळल्याचा वाद 1986 मध्ये पुन्हा दिल्लीला गेला, न्यायमूर्ती बदलले, न्या. पी. एस. शाह यांनी 79 आरोप निश्चित केले, साक्षी सुरू झाल्या. मग 29 एप्रिल 1988 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन मतांनी 1984चा तो आदेशच चुकीचा ठरवला. असे खटले विशेष न्यायाधीशानेच चालवावेत असे 1952चा कायदा सांगतो. एका आरोपीला त्या वाटेवरून उचलून उच्च न्यायालयापुढे उभे केल्याने त्याचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला आणि समानतेच्या हक्काला बाधा आली, असे न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या निकालपत्रात म्हटले होते. कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे भक्कम होते. परिणाम मात्र असा, की खटल्याचे गाडे पुन्हा जिथून निघाले होते तिथे आले. बचाव पक्षाने वेळ काढला हे खरेच, पण त्याला सर्वांत मोठी सवलत मिळाली ती न्यायालयाच्या घाईमुळे.

विलंबाच्या कारणावरून खटलाच रद्द करावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 1991 रोजी मान्य केली नाही. त्या निकालात जलद सुनावणी हा आरोपीचा मूलभूत हक्क मानला गेला. त्याला वर्षांची ठरावीक मर्यादा घालणे मात्र न्यायालयाने नाकारले. आजही विलंबाचा प्रश्न निघाला की हाच निकाल पुढे केला जातो. अंतुल्यांना या आरोपांवरून कधीच शिक्षा झाली नाही. मतदारांनी त्यांना 1989 मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर पाठवले, पुढेही अनेकदा निवडून दिले. नरसिंह राव आणि मनमोहन सिंग या दोघांच्याही मंत्रिमंडळांत ते होते. 2 डिसेंबर 2014 रोजी त्यांचे निधन झाले. फिर्यादी नायक त्याआधी वीस वर्षे, ऑगस्ट 1994 मध्ये, वांद्र्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले होते.

1984च्या निकालातले आज काय उरले आहे? आमदार लोकसेवक नाही हा भाग 1988च्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या व्याख्येमुळे निकालात निघाला. त्या व्याख्येत खासदार-आमदार येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये नरसिंह राव यांच्या प्रकरणात सांगितले. मंजुरीशिवाय खटला न चालण्याचे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 197चे संरक्षण तर माजी पदाधिकाऱ्यालाही होते. म्हणूनच आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, मुख्यमंत्रिपद सोडून काही वर्षे झाल्यावरही, अशोक चव्हाणांबाबत राज्यपालांच्या मंजुरीचा प्रश्न आला. 2013 मध्ये एका राज्यपालांनी ती नाकारली, 2016 मध्ये दुसऱ्यांनी दिली आणि डिसेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै 2018 मध्ये संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही दुरुस्ती करून, गुन्हा घडला त्या वेळी पदावर असलेल्या माणसासाठी, पद गेल्यानंतरही, मंजुरी सक्तीची केली. खासगी फिर्यादीचा मार्ग शिल्लक आहे. मात्र नायकांसारख्या फिर्यादीने आधी न्यायालयात तक्रार करायची, ती फेटाळली न जाता न्यायालयाने मंजुरी आणायला सांगितले तरच सरकारकडे जायचे, आणि मंजुरी देण्यापूर्वी सरकारने त्या लोकसेवकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, असा क्रम आता कायद्यातच लिहिलेला आहे.