खेळाचा नेम आणि कर्तव्याचा नेम

समुद्रावाटे येणारे संकट रायगडच्या किनाऱ्याला नवे नाही. 1993च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि 12 मार्च रोजी मुंबईत 257 जणांचा बळी गेला. 2008चे हल्लेखोरही समुद्रमार्गेच आले. ऑगस्ट 2022मध्ये हरिहरेश्वरजवळ एका बेवारस नौकेत तीन एके-47 रायफली सापडल्या. ती बिघाडामुळे सोडून दिलेली विदेशी नौका असल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. तथापि, किनारा किती उघडा आहे, हे त्या प्रसंगाने पुन्हा दाखवून दिले.

या किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असते. तोच पोलीस नेमबाजीचा खेळाडू असेल, तर त्याच्या हाती दुसरेही पिस्तूल येते. दोन्हींचा नेम एकाच पद्धतीचा असावा की वेगळा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण तो तसा नाही.

आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धांत भिंग वा प्रकाशबिंदू असलेली साईट चालत नाही. पुढची माशी आणि मागची खाच यांवरच नेम धरावा लागतो. राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात मिळविलेले सुवर्णपदक याच रीतीचे होते. अनेक खेळाडू काळ्या वर्तुळाच्या तळाशी नेम धरतात आणि गोळी मध्यभागी लागेल अशी साईट जुळवितात. कर्तव्याच्या पिस्तुलात मात्र नेम तेथेच गोळी, ही अपेक्षा असते. खेळातील सवय जशीच्या तशी कामावर आणली, तर गोळी भलतीकडे जाईल. माशी आणि खाच यांत 150 मिलिमीटर अंतर असेल, तर जुळणीतील एका मिलिमीटरची चूक 25 मीटरवर सुमारे 167 मिलिमीटरची होते. गर्दीच्या बंदरात एवढे अंतर एखाद्या निरपराध्याच्या जिवावर बेतू शकते.

मग दोन्हीकडे एकच साईट सक्तीची करावी काय? तेही योग्य नव्हे. चाळिशी लागलेल्या डोळ्याला जवळची माशी अंधुक दिसते. लक्ष्यावर दृष्टी ठेवू देणारा प्रकाशबिंदू त्याला उपकारक ठरतो. उलट खारे तुषार काचेवर साचतात आणि बॅटरी ऐनवेळी दगा देऊ शकते. म्हणून कर्तव्याच्या शस्त्रावर कोणती साईट असावी, हे खात्याने किनाऱ्यावरच चाचणी घेऊन ठरवावे. व्यक्तिगत आवडीने त्यात फेरफार होऊ नये.

खेळाने श्वासावर, बोटावर आणि मनावर ताबा येतो. तो अवश्य जोपासावा. मात्र स्पर्धेहून परतलेल्या कर्मचाऱ्याने कामावर रुजू होण्यापूर्वी सरकारी पिस्तुलाने सराव केलाच पाहिजे आणि त्यासाठी लागणारी काडतुसे शासनाने हात आखडता न घेता दिली पाहिजेत. पदक हुकले, तर पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा असते. किनाऱ्यावर चुकलेला नेम दुसरी संधी देत नाही.