माऱ्याची जागा नेमकी कोणती? नवी मुंबई पोलिसांतली बढतीची शिडी

वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांची यादी आली की आपल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला खेळ सुरू होतो. यादी वरून खाली वाचायची, आडनावे हेरायची आणि 'हा आपला का?' असे विचारायचे. कुणी हो म्हणतो, कुणी नाही म्हणतो, दोन दिवस चर्चा चालते आणि मग ग्रुपवर पुन्हा सुप्रभातचे फोटो येऊ लागतात. या खेळाला मी नावे ठेवत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके गावाच्या वेशीबाहेर ठेवले, तो खुर्चीवरच्या माणसाचे आडनाव बघणारच. पण आडनाव मोजून हाती काही लागत नाही. मोजायची असतील तर वर्षे मोजा. तो अधिकारी कोणत्या दाराने आत आला, कितव्या वर्षी आला आणि कुठल्या पायरीवर किती काळ थांबला, हे बघा.

नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालय १९९४ साली सुरू झाले. सीबीडी बेलापूरला मुख्यालय, खाली वाशी आणि पनवेल ही परिमंडळे. आयुक्त हा विशेष पोलीस महानिरीक्षक किंवा अपर पोलीस महासंचालक दर्जाचा असतो. त्याच्या खाली सह आयुक्त, अपर आयुक्त, मग परिमंडळाचे उपायुक्त, विभागाचे सहायक आयुक्त म्हणजे एसीपी आणि त्याखाली पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक. आपल्या वस्तीतल्या माणसाचा संबंध बहुतेक वेळा शेवटच्या दोघांशी येतो. आयुक्तांचा फोटो फक्त वर्तमानपत्रात दिसतो.

गेल्या काही वर्षांतल्या आयुक्तांकडे पाहा. २०१६ ते २०१८ हेमंत नगराळे, २०१८ ते २०२० संजय कुमार, २०२० ते २०२२ बिपिनकुमार सिंह, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मिलिंद भारंबे आले. पहिल्या तिघांना साधारण दोन-दोन वर्षे मिळाली. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली किमान दोन वर्षांच्या कार्यकाळाचा आग्रह धरला आणि पुढे महाराष्ट्र पोलीस कायद्यात तशी तरतूद झाली, त्याचा हा ठसा. हे चौघेही थेट भारतीय पोलीस सेवेतून आलेले. फौजदार म्हणून भरती होऊन कुणी या खुर्चीवर पोहोचावे, अशी या शिडीची बांधणीच नाही.

नगराळे यांची वाटचाल जाहीर नोंदींत सविस्तर आहे, म्हणून तीच घेऊ. मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचे, नागपूरला अभियांत्रिकी शिकलेले, १९८७ च्या तुकडीचे. पहिली नेमणूक नक्षलग्रस्त राजुऱ्याला. मग नव्यानेच झालेल्या सोलापूर आयुक्तालयात उपायुक्त, रत्नागिरीचे अधीक्षक, १९९८ नंतर काही वर्षे सीबीआयमध्ये. नवी मुंबईचे आयुक्त झाले तेव्हा सेवेला २९ वर्षे झाली होती. जुईनगरला भुयार खोदून बँकेचे लॉकर फोडले गेले, तो गाजलेला तपास त्यांच्याच काळातला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्याकडे राज्याच्या पोलीस महासंचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार आला आणि मार्च २०२१ मध्ये ते मुंबईचे आयुक्त झाले.

या प्रवासातला कळीचा आकडा २९ आहे. आयपीएसमध्ये उपमहानिरीक्षक व्हायला किमान १४ वर्षे सेवा लागते, महानिरीक्षक व्हायला १८, अपर महासंचालक व्हायला २५ आणि महासंचालक व्हायला ३०. निवृत्ती ६० व्या वर्षी. आता कागद-पेन घ्या. २५ व्या वर्षी सेवेत आलेला मुलगा ४३ व्या वर्षी महानिरीक्षक आणि ५० व्या वर्षी अपर महासंचालक होऊ शकतो. त्याच्या हातात अजून दहा वर्षे उरतात. ३६ व्या वर्षी आलेला ५४ व्या वर्षी महानिरीक्षक होईल, आणि अपर महासंचालकपदाला लागणारी २५ वर्षे भरायच्या आधीच त्याचा निरोप समारंभ होईल.

यूपीएससीत अनुसूचित जातींना ३७ वर्षांपर्यंत वयाची सवलत आहे आणि त्या वयापर्यंत कितीही वेळा परीक्षा देता येते. ही सवलत हक्काची आहे, तिच्यावर कुणी डोळे वटारू नयेत. पण ती आत जाण्यापुरती आहे. आत गेल्यावर घड्याळ सगळ्यांचे सारखेच चालते. आपली मुले उशिरा का पोहोचतात, हे दिघा, रबाळे, तुर्भ्याच्या वस्त्यांत वेगळे सांगावे लागत नाही. आधी घराला हातभार म्हणून महापेच्या कंपनीत रात्रपाळी, मग बहिणीचे लग्न, मग बाबांचे आजारपण, आणि तिशी उलटल्यावर पूर्णवेळ अभ्यास. ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकातल्या ग्रंथालयात बसणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच की यूपीएससीचा निर्णय पदवीच्या पहिल्या वर्षाला घ्या. केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखलाही तेव्हाच काढा. १९९० साली बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या खऱ्या, पण केंद्राच्या दाखल्यावर सूचीतल्या जातीचे नाव लागते, नुसते 'बौद्ध' लिहून भागत नाही. ऐन कागदपत्र तपासणीच्या वेळी धावपळ करायची ही बाब नव्हे.

दुसरे दार एमपीएससीचे. राज्यसेवेतून थेट पोलीस उपअधीक्षक होता येते, आयुक्तालयात त्यालाच एसीपी म्हणतात. आयपीएसच्या एक-तृतीयांश जागा राज्य पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांना बढती देऊन भरतात. उपअधीक्षक म्हणून किमान आठ वर्षे झाल्यावर नाव विचारात येऊ शकते, प्रत्यक्षात वाट बरीच लांब असते. या बढतीत आरक्षण नाही.

तिसरे दार फौजदाराचे. पोलीस उपनिरीक्षकाच्या निम्म्या जागा एमपीएससीतून सरळ भरतीने, पाव जागा खात्यांतर्गत मर्यादित परीक्षेने आणि उरलेल्या पाव ज्येष्ठतेने भरतात. उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक आणि मग एसीपी. राज्य सेवेत ५८ व्या वर्षी निवृत्ती असल्याने बरेच जण एसीपीच्या खुर्चीत बसतात तेव्हा पेन्शनचे कागद तयार होत असतात.

आणि नेमकी हीच खुर्ची आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ७ सांगतो की या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. म्हणजे नवी मुंबईत तो एसीपीकडे जातो. घटनास्थळी कोण गेले, पंचनाम्यात काय आले, कोणती कलमे लागली, ६० दिवसांत दोषारोपपत्र गेले की नाही, हे त्या एका टेबलावर ठरते. आयुक्त आपला आहे की नाही यावर ग्रुपवर रात्र जागवणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना आपल्या विभागाच्या एसीपीचे नाव माहीत आहे?

या पायरीवर काय होऊ शकते, ते याच आयुक्तालयाने पाहिले आहे. सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. संशय निरीक्षक अभय कुरुंदकर यांच्यावर होता. कळंबोलीत अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी २०१७ उजाडला, आणि त्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनी कुरुंदकर यांना राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले. अटक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली, तेव्हा या पदकाबद्दलही प्रश्न विचारले. पदकाची शिफारस वरून होते आणि गोपनीय अहवालही वरचाच लिहितो. अधिकाऱ्याची कारकीर्द या दोन कागदांवर उभी राहते, आणि तक्रारदार बाईचा अर्ज त्या फाइलीत कुठेच नसतो. पुढे हा तपास धसास लावला तो संगीता अल्फान्सो या एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने.

आता मुख्य दुखणे. आपली मुले सर्वाधिक संख्येने तिसऱ्या दाराने आत जातात, आणि त्याच जिन्याच्या पायऱ्या काढून घेतल्या गेल्या. राज्यात बढतीत मागासवर्गीयांना एकूण ३३ टक्के आरक्षण होते. त्याचा आधार असलेला २५ मे २००४ चा शासन निर्णय विजय घोगरे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचे चटके पोलिसांना लगेच बसले. खात्यांतर्गत परीक्षा पास होऊन नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या १५४ मागासवर्गीय उपनिरीक्षकांना ऑक्टोबर २०१८ मध्ये मूळ पदावर परत पाठवण्याचे आदेश निघाले. खांद्यावर तारे लागल्यानंतर हवालदारकीवर जा म्हणणे काय असते, ते त्यांच्या घरच्यांना विचारा. राज्यभर संताप झाला, तेव्हा कुठे सरकार हलले.

त्यानंतर ७ मे २०२१ चा शासन निर्णय आला. तोवर ३३ टक्के जागा निदान रिकाम्या राखल्या होत्या, त्या सगळ्याच सेवाज्येष्ठतेने भरा, असा आदेश, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून. सत्तेत तेव्हा महाविकास आघाडी होती. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्यांच्याच सहीने हे झाले. मंत्रिमंडळातून नितीन राऊत यांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही.

याचा अर्थ पोलीस ठाण्याच्या पातळीवर काय? २०१७ साली जो निरीक्षक बढतीच्या उंबरठ्यावर होता आणि ज्येष्ठता यादीत मागे होता, तो तिथेच निवृत्त होईल. एसीपी होणार नाही, म्हणजे अॅट्रॉसिटीचा तपास कधीच त्याच्या टेबलावर येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जर्नेल सिंह प्रकरणात सांगितले की प्रतिनिधित्व अपुरे आहे का, हे संपूर्ण सेवेचा एकत्र आकडा घेऊन नव्हे, तर प्रत्येक संवर्गाचा वेगळा आकडा घेऊन तपासायचे, आणि हे काम राज्याचे आहे. पोलिसांपुरते बोलायचे तर उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक, उपअधीक्षक अशा प्रत्येक संवर्गात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांत अनुसूचित जातीचे किती, हे तीन रकाने. ज्येष्ठता याद्या आणि बिंदुनामावल्या खात्याकडे असतातच. माहिती अधिकारात अर्ज करताना 'मागासवर्गीय अधिकारी किती' असे मोघम विचारू नका. संवर्ग लिहा, १ जानेवारी २०१८ आणि चालू वर्षाची १ जानेवारी अशा दोन तारखांची स्थिती मागा, आणि अर्ज बेलापूरच्या आयुक्तालयासोबत पोलीस महासंचालक कार्यालयातही टाका, कारण निरीक्षक आणि वरच्या बढत्यांची फाइल बेलापूरला तयार होत नाही.