जमीन-सुधारणेपूर्वी वनस्पतींची पाहणी हवी

बांधबंदिस्ती, सपाटीकरण, शेततळी, नाला-खोलीकरण अशी कामे आज गावोगाव चालतात. काम हाती घेण्यापूर्वी आपण जमिनीचा उतार मोजतो, मातीची खोली पाहतो, मुरूम कोठे लागतो याची नोंद करतो. परंतु त्या जमिनीवर उगवते काय, याची चौकशी क्वचितच होते. ही उणीव लहान नव्हे. वनस्पतींची पाहणी झाल्यावाचून कोणत्याही क्षेत्रावर यंत्र उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत अनुभवाने बनले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावी सपाटीकरणाचे काम मजकडे होते. नाल्याकडील दोन-तीन गुंठ्यांचा कोपरा उंच होता. तेथील माती खालच्या शेतात पसरावयाची होती. वैशाखात मोजणी केली तेव्हा जमीन उघडी होती. त्या घरची म्हातारी आई म्हणाली, “साहेब, त्या कोपऱ्यातली माती हलवू नका. तिथं लव्हाळा आहे.” वर काहीच दिसत नसल्याने मी तिचे बोलणे मनावर घेतले नाही. आषाढात सबंध शेतावर लव्हाळा उभा राहिला. भूमीतील गाठी यंत्राने सुट्या केल्या होत्या आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ नवे रोप बनली होती. त्या वर्षी कांद्यापेक्षा खुरपणीच्या मजुरीवरच त्या कुटुंबाचा अधिक पैसा गेला. त्या माउलीने मला दोष दिला नाही; पण दोष माझाच होता.

आपली कामे चैत्र-वैशाखात होतात आणि त्याच वेळी वनस्पती दिसत नाहीत, ही खरी अडचण आहे. म्हणून ज्या क्षेत्रावर उन्हाळ्यात काम व्हावयाचे आहे, त्याची पाहणी आधीच्या भाद्रपद-आश्विनातच झाली पाहिजे. त्या वेळी गवते फुलोऱ्यावर असतात आणि ओळखण्यास सोपी जातात.

दुर्लक्षाचे फळ काय असते, हे गाजर गवताने साऱ्या देशास दाखविले आहे. अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५५ च्या सुमारास पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर आढळली. परदेशी धान्याबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज ती देशभर पसरली आहे. तिच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. चिखलाबरोबर त्या चाकांना व यंत्राच्या बादलीला चिकटून पुढील गावी पोहोचतात. तिच्या संसर्गाने अनेकांच्या त्वचेस खाज सुटते व काहींना श्वासाचा त्रास होतो. बंगलोर येथे १९८४ मध्ये सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात तिची पाने खातात, परंतु केवळ त्यांच्यावर विसंबून चालणार नाही. मूठभर रोपे असताना ती उपटणे हाच स्वस्त उपाय होय.

बेशरमाचेही तसेच. तिच्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या कामांतून शेतावर येणारा गाळ मोलाचा आहे. परंतु तो कोणत्या काठावरून उचलला, हे पाहून घेतलेले बरे. घाणेरी नुसती वरून छाटली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. म्हणून ती जमिनीखाली मुळाच्या गड्ड्यापासून तोडावी.

पाहणी अवघड नाही. गावच्या दोन जाणत्या माणसांना, विशेषतः गुरे राखणाऱ्यास व खुरपणी करणाऱ्या बाईस, बरोबर घ्यावे. बांध, नाल्याचा काठ, गाडीवाट व यंत्र उभे राहावयाची जागा प्रथम पाहावी. नंतर काठ्यांची एक मीटरची चौकट शेतात दहा ठिकाणी ठेवून आतील वनस्पती मोजाव्यात आणि गटाच्या नकाशावर खुणा कराव्यात. नोंदीचे तीन भाग करावेत: राखावयाच्या, काढावयाच्या आणि विचारावयाच्या. न ओळखलेल्या वनस्पतीची फुलाफळासह फांदी वर्तमानपत्रात दाबून, तारीख, जागा व गावातील नाव लिहून, कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे पाठवावी.

राखावयाच्या वनस्पतींचाही विसर पडू नये. मारवेल, शेडा, डोंगरी यांसारखी गवते माती धरून ठेवतात व गुरांस उत्तम चारा देतात. ती यंत्राने खरवडून नंतर बांधावर विकतचे ठोंब लावणे हा शहाणपणा नव्हे. वेडी बाभूळ काढण्यापूर्वी तिच्या सरपणावर कोणाची चूल पेटते, तेही विचारावे. गावात लोक जैवविविधता नोंदवही असेल तर ती उघडून पाहावी आणि आपली नोंद तीत घालावी.

काही शेतकरी बंधू म्हणतात, “गवत काढायला वर्ष आहे, यंत्र मात्र आठ दिवसच मिळते.” हे खरे आहे. म्हणूनच पाहणी यंत्र येण्यापूर्वी करावयाची. तिला एक सकाळ पुरते. अंदाजपत्रकात तिच्यासाठी बाब नसते, ही कार्यकर्त्यांची तक्रारही रास्त आहे. तशी बाब असावी, असे माझे मत आहे. परंतु तोवर थांबण्याचे कारण नाही. तणाचा भाग शेवटी खोदावा, तेथील माती अन्यत्र नेऊ नये, यंत्र शेत सोडण्यापूर्वी झाडून-धुऊन घ्यावे आणि पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फेरी मारावी. पुढील तीन वर्षे ही फेरी चुकवू नये.

बांध फुटला तर एका हंगामात बांधता येतो. शेतात शिरलेला लव्हाळा मात्र बापाकडून मुलाकडे वारशाने जातो. तेव्हा मोजणीची साखळी जमिनीवर टाकण्यापूर्वी त्या जमिनीवर काय उगवते ते पाहावे, आणि ज्यांनी ती जमीन जन्मभर खुरपली त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.