दंडातली सळी आणि ती काढून घेण्याचा हक्क

गर्भनिरोधक इम्प्लांटविषयी आपल्याकडे तीन मते ऐकू येतात. ते अंगात विष भिनवते, हे एक. ते बायकांवर चालवायचे सरकारचे हत्यार आहे, हे दुसरे. आणि खेड्यातल्या बाईसाठी याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही, हे तिसरे. यांतले पहिले मत चूक आहे. दुसरे अर्धे खरे आहे. तिसऱ्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण ते कौतुकाच्या तोंडाने बोलते आणि म्हणून कुणी त्याला अडवत नाही.

आधी वस्तू काय ते पाहू. आज सर्वाधिक वापरात असलेले इम्प्लांट म्हणजे चार सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड अशी एक लवचिक सळी. तिच्यात एटोनोजेस्ट्रेल या संप्रेरकाचे 68 मिलिग्रॅम असतात. जागा बधिर करून ती दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली सरकवतात. तिथून रोज अगदी थोडे औषध रक्तात झिरपते, बीजकोशातून बीज बाहेर पडणे थांबते आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. आपल्याकडे तिची मान्य मुदत तीन वर्षांची. दुसऱ्या एका प्रकारात लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या दोन सळ्या असतात, त्या पाच वर्षे चालतात. वर्षभर सळी वापरणाऱ्या हजार बायकांत जेमतेम एखादीला दिवस जातात. रोजच्या जगण्यात जशा घेतल्या जातात तशा गोळ्या घेणाऱ्या शंभरांत सातएक जणींना, आणि निरोधवर विसंबलेल्या शंभरांत तेराएक जणींना दिवस जातात. केंद्र सरकारने 2023 पासून निवडक राज्यांतल्या काही जिल्ह्यांत हे इम्प्लांट सार्वजनिक आरोग्यसेवेत टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात केली.

विषाच्या भीतीला फार वेळ द्यायला नको, पण तिची थट्टाही नको. ‘पिशवी सुकते’, ‘पुढे मूल राहत नाही’ हे बायका एकमेकींना सांगतात, कारण त्यांना नीट सांगायला दुसरे कुणी बसलेले नसते. सळी काढल्यावर आठवड्याभरात तिचे औषध रक्तात सापडत नाही आणि बहुतेकींची बीजनिर्मिती काही आठवड्यांत पूर्ववत होते. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर मूल राहायला सरासरी सात ते दहा महिने लागू शकतात, सळीला तसा उशीर नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पण काहींना ती खरोखरच चालत नाही, आणि हे तितक्याच ठामपणे सांगायला हवे. स्तनाचा कर्करोग झालेली, यकृताचा गंभीर आजार असलेली, कारण न समजता अंगावरून जाणारी अशा बायकांना ती देऊ नये. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची काही औषधे शरीरातले हे संप्रेरक वेगाने मोडून टाकतात, म्हणजे सळी दंडात असते आणि संरक्षण मात्र राहत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे ‘क्षयाची औषधे चालू आहेत का’ हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्याही दंडाला सुई लागता कामा नये. आणि गुप्तरोगांपासून, एचआयव्हीपासून ही सळी वाचवत नाही. तिथे निरोधच लागतो.

आता दुसरे मत. ते मांडणाऱ्या बायकांनी या देशात मोठे काम केले आहे, म्हणून त्यांचा पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडणे मला भाग वाटते. त्या म्हणतात, गोळी बाई उद्या बंद करू शकते, निरोध नाकारू शकते, पण दंडातली सळी तिला स्वतःला काढता येत नाही. ती काढायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात ज्या व्यवस्थेचा आहे तिला बाईच्या प्रकृतीपेक्षा जन्मदराची काळजी जास्त आहे. हा संशय हवेतून आलेला नाही. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढेच. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि दिल्लीच्या सहेली या गटाने 1986 साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, कारण ते टोचून घेणाऱ्या बायकांना आपल्यावर प्रयोग चालला आहे हेच नीट सांगितलेले नव्हते.

इम्प्लांटच्या पहिल्या पिढीचा, नॉरप्लांटचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. त्यात सहा नळ्या असत. 1983 मध्ये फिनलंडने ते प्रथम मान्य केले, डिसेंबर 1990 मध्ये अमेरिकेने. मान्यतेनंतर महिनाही उलटला नव्हता तोच कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने मुलांना मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्या बाईला शिक्षेची अट म्हणून ते बसवून घ्यायला सांगितले, आणि फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या दैनिकाने अग्रलेखात गरीब काळ्या बायकांसाठी ते सुचवले. दैनिकाला नंतर माफी मागावी लागली. इंडोनेशियात लाखो बायकांच्या दंडात ते घातले गेले, आणि मुदत संपली तेव्हा काढायला शिकलेले हात पुरेनात. बांगलादेशात चाचणीतल्या बायका ‘काढा’ म्हणत आल्या तर त्यांना परत पाठवल्याच्या तक्रारी तिथल्या संघटनांनी नोंदवून ठेवल्या. 2013 मध्ये गरीब देशांसाठी इम्प्लांटची किंमत जवळपास निम्म्यावर आली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत बसवण्याचा वेग एकदम वाढला. काढण्याची सोय तेव्हाही मागेच राहिली.

हे सगळे मला मान्य आहे. तरी यातून ‘म्हणून इम्प्लांट नकोच’ हा निष्कर्ष निघत नाही. तो काढताना एक तुलना विसरली जाते. महाराष्ट्रातली बाई आज सळी की गोळी असा विचार करत बसलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 या फेरीत राज्यातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे 49 टक्के जणींचे ऑपरेशन झालेले होते. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेल्या होत्या 0.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे कुटुंबनियोजन याचा व्यवहारातला अर्थ बाईचे ऑपरेशन असाच आहे, आणि तेही बहुतेकदा ऐन तरुणपणी. दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असण्याचा आक्षेप सळीला लागू होत असेल, तर ऑपरेशनला तो कितीतरी जास्त लागू होतो. ते परत फिरवता येईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. मूल दगावले, नवरा गेला आणि दुसरे लग्न झाले, किंवा नुसते मन बदलले, तर तिच्यासाठी दार जवळजवळ बंद झालेले असते. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशने झाली आणि त्यानंतर डझनभराहून अधिक जणी मेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. सळी नाकारून आपण या बाईला सरकारच्या हातातून सोडवत नाही. तिला त्याच हातात, त्याच टेबलावर ठेवतो, फक्त परतीची वाट काढून घेतो.

आणि परतीची वाट कुणाला हवी असते? त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांत पाचांपैकी एकीहून थोड्या जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशी मुलगी विसाव्या वर्षी पहिले बाळ मांडीवर घेऊन बसते. तिला दुसरे हवे असते, पण लगेच नको. गोळ्यांचे पाकीट सासूच्या नजरेसमोर राहते. नवरा निरोध वापरत नाही. तांबी बसवायला ती घाबरते किंवा बसवल्यावर पोटात दुखते. तिला तीन वर्षांची उसंत देणारी, बाहेरून दिसत नसलेली आणि काढली की लगेच मूल राहू शकेल अशी वस्तू आपल्याकडे आहे. ती तिच्यापर्यंत पोचू न देणे म्हणजे तिची काळजी घेणे, असे मी मानत नाही.

र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी पुढे प्राध्यापकी गमावली, आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत ते एकच गोष्ट सांगत राहिले, की मूल केव्हा व्हावे हे बाईला ठरवता आले पाहिजे. ‘केव्हा’ हा प्रश्न ऑपरेशनने सुटत नाही.

पुरुषांची जबाबदारी यामुळे आणखी सुटेल, असा एक उपआक्षेप येतो. तो करणाऱ्यांनी तो 0.4 टक्क्यांचा आकडा पुन्हा वाचावा. पुरुष केव्हाच सुटलेला आहे. त्याला बांधायचे असेल तर बिनटाक्याच्या नसबंदीचा प्रचार नेटाने करावा, बाईच्या हातातले साधन काढून घेऊ नये.

इथपर्यंत इम्प्लांटचे समर्थक माझ्याशी सहमत असतील. पण माझे खरे भांडण त्यांच्याशीच आहे. ‘घातली की तीन वर्षे निश्चिंती’, ‘बाईला काही लक्षात ठेवावे लागत नाही’ असे ते म्हणतात तेव्हा निश्चिंती कुणाची, हे विचारले पाहिजे. बाईची असेल तर उत्तम. पण बाईने पुन्हा तोंड उघडायची गरज पडत नाही म्हणून यंत्रणेला हायसे वाटत असेल, तर दुसऱ्या मताच्या बायकांचा संशय शब्दशः खरा ठरतो.

या निश्चिंतीत जी गोष्ट हळूच बाजूला सारली जाते ती म्हणजे रक्तस्राव. सळीने पाळीचे गणित बिघडते, आणि कुणाचे कसे बिघडेल हे आधी सांगता येत नाही. साधारण पाचांतल्या एकीची पाळी बंदच होते. सहांतल्या एकीच्या आसपास बायकांना दिवसेंदिवस अंगावरून जात राहते. चाचण्यांमध्ये शंभरांतल्या अकराएक जणींनी याच कारणाने मुदतीआधी सळी काढून घेतली. वैद्यकीय भाषेत हा धोका नव्हे, ‘बदल’ आहे, आणि जिवाला त्यापासून सहसा अपाय नसतो हेही खरे. पण ज्या घरात अजून चार दिवस बाजूला बसावे लागते, तिथे पंधरा दिवस डाग पडत राहिले तर तिला देवघर, स्वयंपाकघर आणि कधीकधी नवऱ्याचे बोलणे या तिन्ही ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते. ‘हे साधारण आहे, घाबरू नका’ एवढ्याने ती किंमत कमी होत नाही.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट इथे नीट थांबून पाहायला हवी. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर राहतात. मजुरीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पालात ना संडास, ना न्हाणी. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळी हीच जिथे मजुरीतली अडचण ठरते, तिथे आधी न सांगता येणारा रक्तस्राव घेऊन बाईला फडावर पाठवणे सोपी गोष्ट नाही. सप्टेंबरमध्ये गावच्या आरोग्य केंद्रात सळी घातली, डिसेंबरमध्ये बेळगावकडच्या फडावर अंगावरून जायला लागले, तर ती दाखवणार कुणाला? तिथला डॉक्टर म्हणेल, जिथे घातली तिथे काढा. याच भीतीने ती पुन्हा पिशवी काढायच्या दवाखान्याकडे वळली, तर आपण तिचे भले केले असे म्हणता येणार नाही. उलट बाजूही आहे. पाचांतल्या ज्या एकीची पाळी थांबते, तिला हा हंगाम आजवरचा सर्वांत सुसह्य वाटू शकेल. या दोघींपैकी आपण कोण ठरणार आहोत, हे आधी कुणालाच माहीत नसते, म्हणून पाऊल मागे घेता येणे हा उपचाराचाच भाग आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे, की इम्प्लांट महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात यावे, पण जे केंद्र सळी काढू शकत नाही त्याला ती घालायची परवानगी नसावी. नीट घातलेली सळी काढणे अवघड नाही. दोन-तीन मिलिमीटरची चीर आणि काही मिनिटे लागतात. खोल गेलेली सळी मात्र सोनोग्राफीने शोधावी लागते आणि तिला सराईत हात लागतो, म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असा एक तरी डॉक्टर असला पाहिजे. बाई काढायला आली की त्याच दिवशी काढावी. ‘आणखी तीन महिने बघा’ हा सल्ला तिने विचारला तर द्यावा, तिने ठरवून सांगितल्यावर देऊ नये. नवऱ्याची सही मागू नये. वस्तू महाग आहे, वाया जाईल, हे तर उच्चारूही नये. जवळ ठेवायच्या कार्डावर सळीचा प्रकार, तारीख आणि कोणत्या दंडात आहे हे लिहिलेले असावे, आणि ते कार्ड दाखवल्यावर राज्यातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्याने, स्थलांतरित असली तरी, तिला परत पाठवू नये. ‘पात्र जोडपी’ मोजणाऱ्या नोंदवहीत न बसणाऱ्या अविवाहित, परित्यक्ता, विधवा सज्ञान बायकांनाही ती मागता यावी.

देशाच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमातली उद्दिष्टे 1996 मध्ये कागदावरून गेली, पण मोजण्याची सवय गेली नाही, आणि जे मोजले जाते तेच केले जाते. मग दोन्ही आकडे मोजा आणि दर सहा महिन्यांनी जाहीर करा, किती घातल्या आणि मुदतीआधी किती काढून दिल्या. ज्या तालुक्यात हजार सळ्या घातल्या गेल्या आणि दोन वर्षांत एकही काढली गेली नाही, त्याला चांगल्या कामाचे प्रशस्तिपत्र मिळू नये. तिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने स्वतः जावे आणि त्या हजारांतल्या ज्या शंभरएक जणींना काढून हवी होती, त्यांना कुणी, काय सांगून परत पाठवले, ते एकेकीला विचारावे.