ध्रुवीय संशोधन : तळ आहेत, स्वतःचे जहाज कधी?

जे. पी. नगर (बंगळुरू) : डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाकडे रवाना झाली. तिच्या पहिल्या तुकडीत बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांचे संशोधक होते. तेथील ‘हिमाद्री’ हा तळ २००८ पासून कार्यरत असला, तरी तोवर त्याचा वापर प्रामुख्याने उन्हाळ्यातच होत असे. आता ध्रुवीय रात्रीतही तेथे राहून निरीक्षणे घेणे शक्य झाले आहे.

विश्वाच्या बाल्यावस्थेतील क्षीण रेडिओ संकेत टिपण्यास हा परिसर अनुकूल आहे काय, याची चाचपणी रामन संस्थेने केली. मात्र या संशोधनाचा अधिक निकटचा संबंध आपल्या शेतीशी आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्क्टिकमधील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांत संबंध असण्याची शक्यता त्यात वर्तवण्यात आली. सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलेले असते. त्या वेळचा मुसळधार पाऊस हातचे पीक हिरावून नेतो. हा संबंध पूर्वानुमानाच्या उपयोगी पडावा, यासाठी वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदी आवश्यक आहेत.

नेमकी येथेच भारताची बाजू अपुरी पडते. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातून निघाली. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ भारत परदेशी जहाजे भाड्याने घेऊनच अंटार्क्टिकाला जात आला आहे. जहाजाची उपलब्धता आणि भाडे यांवर मोहिमेचे वेळापत्रक ठरते. संशोधनाची गरज दुय्यम ठरते.

जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला. वयोमान झालेल्या ‘मैत्री’ तळाच्या जागी नवा तळ उभारण्याचा मनोदयही मे २०२४ मधील कोची येथील अंटार्क्टिक करार सल्लागार बैठकीच्या वेळी व्यक्त झाला होता. दिशा योग्य आहे. परंतु सामंजस्य करार म्हणजे जहाज नव्हे. निधी आणि कालमर्यादा यांची स्पष्टता आल्याखेरीज ही गरज कागदावरच राहील. ध्रुवावरील बर्फ मात्र तोवर थांबणार नाही.