पाण्याची पाऊणकी

‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. – आदेशावरून.’

हा बोर्ड तुम्ही पाहिला असेलच. आमच्या बदलापूरकडे तर तो पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्रीसारखा उगवतो. कोंडेश्वरच्या धबधब्याशी, बारवी धरणाकडे, उल्हास नदीच्या काठी. आदेश कोणाचा ते बोर्डावर नसतं. मनाई का तेही नसतं. पाणी कधी वाढतं, ओढ कुठे असते, खोल कुठे आहे, हे तर मुळीच नसतं. आणि बोर्डाच्या खांबाला शर्ट अडकवून पोरं पाण्यात उड्या मारत असतात.

माझा आजचा राग या बोर्डावर आहे. राग ही गोष्ट मला एरवी परवडत नाही. मी बँकेत क्लार्क आहे आणि काउंटरच्या आतल्या माणसाला रागावण्यास सक्त मनाई असते. (आदेशावरून!) पण गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारपासून हा राग साठतो आहे. तेव्हा त्याचा हिशेब एकदा पूर्ण करून टाकतो.

या बोर्डाची एक शाखा आमच्या घरात पूर्वीपासून आहे. माझ्या आजीचं वाक्य होतं, ‘पाण्याशी खेळ नको.’ तेच आईने चालवलं, तेच सौभाग्यवतींनी चार्ज घेताना तिच्याकडून जसंच्या तसं ताब्यात घेतलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी बुडालेलं नाही, कारण तीन पिढ्यांत कोणी धड भिजलेलंच नाही!

अशा कुळात चिरंजीवांनी एके दिवशी जाहीर केलं, “बाबा, मी विंडसर्फिंग शिकणार.”

विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहायचं, फळीला शीड असतं, ते दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा नेईल तिकडे न जाता आपल्याला हवं तिकडे जायचं. याचा थोरला भाऊ काइटसर्फिंग. त्यात शिडाच्या जागी डोक्यावर भला थोरला पतंग आणि त्याच्या दोऱ्या आपल्या कमरेला. संक्रांतीला आपण पतंगाला बांधतो. इथे पतंग आपल्याला बांधतो.

बातमी बदलापूरहून लोकलच्या वेगाने पसरली. अंबरनाथच्या मावशीचा फोन आला, “अरे, आपल्याकडे साडेनऊशे वर्षांचं शिवमंदिर आहे. हौसच असेल तर तिथे जा म्हणावं!” पण पैसे भरून झाले होते आणि ते परत मिळणार नव्हते. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे बुडीत खर्चापुढे माझं काही चालत नाही. मीही गेलो.

अलिबागकडचा एक किनारा. (नाव सांगत नाही. किनाऱ्याचा काही दोष नव्हता.) बॅच सकाळी आठची. का? तर दर रविवारी आठलाच असते, नऊला दुसरी असते, मग नाश्ता. मागून, जमिनीकडून, छान गार वारा येत होता. मी म्हटलं, “वा! काय हवा आहे!” त्या वाऱ्याला अगदी असं म्हटलं हो मी!

चिरंजीव फळीवर चढले, पडले, पुन्हा चढले. चौथ्या खेपेला उभे राहिले आणि मी टाळ्या वाजवल्या. ते पुढे जात होते. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की ते नुसतेच पुढे जाताहेत. शीड पडलं तरी फळी बाहेरच चालली होती. शिकवणारा मुलगा किनाऱ्यावरून ओरडत होता, “वळव, वळव!” वळवायला त्याने अजून शिकवलंच नव्हतं. ते दुसऱ्या बॅचला होतं. माझ्या डोळ्यांदेखत पोरगं हाताएवढं झालं, मग बोटाएवढं. आवाज पोचेना. मला पोहता येत नाही. मी गुडघाभर पाण्यात, पायांत बूट, असा उभा होतो आणि मनात एकच वाक्य फिरत होतं : आजीचं.

मासेमारीहून परत येणाऱ्या एका होडीने त्याला फळीसकट उचलून आणलं. अंगातलं जॅकेट त्याने काढलं नव्हतं आणि फळी सोडली नव्हती, तेवढं शहाणपण त्याचं.

नाखवा सत्तरीचे होते. मी हात जोडून रडायच्या बेतात, तर त्यांनी विचारलं, “साहेब, आज तिथी काय हाय?”

मला तारीख माहीत होती. रिझर्व्ह बँकेची सुट्टी कधी ते माहीत होतं. तिथी माहीत नव्हती.

“पंचमी,” तेच म्हणाले. “पाऊणकी येते?”

पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी या आजोबांच्या शाळेतल्या गोष्टी. आजोबा सकाळी दाढी करताना म्हणायचे, ‘एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन...’ मी ती कॅल्क्युलेटरच्या भरवशावर सोडून दिली.

नाखवांनी वाळूत बोटाने मांडून दाखवलं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पंचमी, म्हणजे पाच पाऊण पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी साधारण सव्वासहा तास पूर्ण ओहोटी, म्हणजे साडेनऊच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, कारण चंद्र सरकतो. अर्धा तास इकडेतिकडे धरा. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची छापील कोष्टकं आहेत. पण जीव वाचवायला पाऊणकी पुरते.

आता तुम्हीच जमाखर्च मांडा. सकाळी आठ वाजता ओहोटी चालू, पाणी बाहेर चाललेलं. वारा जमिनीवरून समुद्राकडे, तोही बाहेर चाललेला. अशा वेळी वळता न येणाऱ्या मुलाला शीड हातात देऊन पाण्यात सोडायचं म्हणजे बिनव्हिसाचं मस्कतला पाठवायचं!

आणि हा वारा काही गुप्त नव्हता. शाळेत भूगोलात चार मार्कांना होता : खारे वारे आणि मतलई वारे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, चारपैकी साडेतीन मिळाले होते, आणि पेपर दिल्यावर तो वारा कुठे वाहतो याची चौकशी केली नव्हती.

आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे हा खारा वारा दुपारी वायव्येकडून येतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या गालावर, तिरका. शिकणाऱ्याला हाच हवा, कारण चुकलात तर तो तुम्हांला किनाऱ्यालाच आणून टाकतो. फळी धड चालायला वारा ताशी वीस-बावीस किलोमीटरचा लागतो. लाटांच्या डोक्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला की समजावं, आला. आणि एक चक्रवाढ व्याज लक्षात ठेवा : वारा दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

उल्हासनगरच्या शाखेत असताना आमचे एक वृद्ध सिंधी खातेदार होते. ते सांगायचे, सिंधमधल्या हैदराबादला घराघराच्या छपरावर वारा पकडायचे झरोके असत आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, समुद्राच्या वाऱ्याकडे. म्हणजे त्या गावच्या छपरांना जे कळत होतं, ते आमच्या आठच्या बॅचला कळत नव्हतं!

भरतीचेही हप्ते ठरलेले असतात. सहा तासांचे बारा भाग : पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे पाणी चारेक मीटर चढतं, म्हणजे त्या दोन तासांत दोन मीटर. मी पाच फूट पाच इंच आहे. ‘आत्ता तर घोट्याएवढं होतं हो!’ असं वाळूवर गाडी लावून गेलेला माणूस म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने फक्त पहिला हप्ता पाहिलेला असतो.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही बदलापूरकर टाईमटेबलावर जगणारी माणसं. कोणती लोकल कोणत्या फलाटावर, कोणत्या डब्याचं दार कुठे येतं, हे आम्हांला झोपेत विचारा. आणि ज्या गाडीला सिग्नल नाही, मेगाब्लॉक नाही, चंद्राने ठरवलेल्या वेळी जी येते म्हणजे येतेच, तिचं टाईमटेबल आम्ही वाचत नाही! फ्रीज घ्यायला पंचांग बघतो, समुद्रात उतरायला बघत नाही.

तुम्ही म्हणाल, कल्याणपलीकडच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय? आमच्यापासून चार स्टेशनांवर कल्याणच्या खाडीला रोज भरती येते आणि तिथेच, दुर्गाडीच्या पायथ्याशी, शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला. शिवाय तुम्ही पाण्याकडे गेला नाहीत तर पाणी तुमच्याकडे येतं. 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्यांवर ते आलं होतं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. त्यांतल्या कोणी पाण्याशी खेळ केला नव्हता. त्यांनी कोल्हापूरचं तिकीट काढलं होतं.

आणि भोपाळला कुठे समुद्र आहे? तिथल्या तलावावर शिकलेल्या इबाद अलीने 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत विंडसर्फिंगचं कांस्यपदक आणलं. त्याच तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरने शिडाच्या होडीत रौप्य. ती देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी! त्या तलावावरही आमच्यासारखा नुसता बोर्ड असता, तर पदकं मिळाली नसती आणि खांबावर शर्ट मात्र लटकत राहिले असते.

मनाईवाल्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. प्रत्येक किनाऱ्यावर पोलीस कुठून उभा करणार? आणि काही मनाया खऱ्याच असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटतात. पण त्या मनाईला कारण असतं आणि शेवटची तारीखही असते. आपल्या बोर्डाला दोन्ही नाही. म्हणून तो कोणी मानत नाही आणि ज्या दिवशी मानायलाच हवा, त्या दिवशीही मानत नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलं बुडाली. वादळ नव्हतं, पावसाळा नव्हता. ती बातमी वाचून आम्ही सगळ्यांनी आपापल्या मुलांना काय सांगितलं? ‘समुद्रावर जायचं नाही.’ भरती कशी बघायची ते कोणीही सांगितलं नाही. मीही नाही. सांगायला मला येत नव्हतं.

माझी मागणी फार नाही. बोर्ड ठेवा, पण त्यावर खडूने रोज तीन ओळी लिहा : आज पूर्ण भरती किती वाजता, वारा कुठून, ओढ कुठे. ज्यांना शीड आणि पतंग भाड्याने द्यायचे असतील त्यांनी बॅचची वेळ नाश्त्यावरून न ठरवता वाऱ्यावरून ठरवावी. वारा नसेल तर थांबावं. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेलच्या समुद्रावर पतंगवाल्यांच्या शर्यतीसुद्धा वाऱ्याची वाट बघत खोळंबल्या होत्या. ऑलिंपिक थांबतं, तर आमची आठची बॅच का थांबत नाही?

आणि शाळेत ते चार मार्क एकदा किनाऱ्यावर नेऊन द्यावेत.

त्या रविवारी घरी आल्यावर सौभाग्यवतींनी बोर्ड नव्याने रंगवला. पंधरा दिवस घरात समुद्र हा शब्द निघाला नाही. मग एका रात्री मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. दुधाच्या हिशेबाखाली तिथी छापलेली होतीच, ती तिथे वर्षानुवर्षं होती. मी नाखवांचं गणित मांडलं. ती काही बोलली नाही. दूध किती आलं ते लिहिण्याची पेन्सिल तिने हातात घेतली आणि पुढच्या रविवारवर ठेवली.

“षष्ठी आहे,” ती म्हणाली. “सहा पाऊण साडेचार. तीनला पाण्यात उतरू दे, साडेचारला बाहेर. आणि वारा मागून असला, तर फी गेली तरी चालेल.”

बुडीत खर्चाबद्दल इतकं स्वच्छ मत मी बी.कॉम.च्या पुस्तकातही वाचलं नव्हतं.